सांजवात किती लांबून दिसते

मौजे नारायणखेडी, उन्हेल रस्ता,
जिल्हा उज्जैन.
१३ मे २०२५

चिरंजीव सौ. श्रुती हिस दत्तात्रय पोतनीस यांचे आशीर्वाद.

आपली कन्या इशिता येथे सुखरूप पोहोचली. सुमीतच्या कचेरीतील सहकाऱ्याच्या कुटुंबासोबत ती आली. उज्जैन स्टेशनावर मी तिला स्वतः उतरवून घेतले आणि बसने गावी आणले. गाडी जोधपूरहून निघाली तेव्हा सरहदीवर युद्ध चालू होते आणि नागदा येण्यापूर्वीच ते थांबले, असे डब्यातील मंडळींनी सांगितले. माझ्या नातीचे तिकीट निघेपर्यंत लढून मग दोन्ही सरकारांनी शस्त्रे खाली ठेवली, ह्याबद्दल मी उभयतांचा ऋणी आहे. एरवी आपण तिला येथे पाठविले असते, असे वाटत नाही.

तिला लगेच परत पाठवता का, असे सुमीतने फोनवर विचारले. सुटी संपेपर्यंत राहू दे, असे मी सांगितले. फोन ही वस्तू 'हो' आणि 'नाही' एवढ्यापुरतीच बरी. माणूस त्यावर काहीही बोलतो. कागदाची गोष्ट निराळी. आमच्या पूर्वजांनी शिंदे सरकारच्या दरबारचे कागद लिहिले. मी चौथ्या इयत्तेपुढे शिकलो नाही, तरी उज्जैनच्या टावर चौकात उभी हयात शाई आणि पेने विकली. आमच्या घरात कागदावर खोटे लिहीत नाहीत.

मी सुनेला 'आपण' का म्हणतो, असा प्रश्न पडला असल्यास गेली दिवाळी आठवावी. 'बाबांना आता दिसत नाही, म्हणून रांगोळीवर पाय पडला,' असे आपण सर्व आप्तांसमक्ष जाहीर केले. रुग्णालयाच्या नेत्र विभागात आपण सिस्टर आहात, हे मान्य. परंतु रांगोळी रस्त्यात होती.

आता मुलीविषयी. मला सांगण्यास आश्चर्य वाटते, पण तिला वळण आहे. ते कोठून आले, ह्याचा मी शोध घेत आहे. शहरातील मुले विजेचे दिवे दिवसाढवळ्या जाळतात. ही दिवेलागण झाली की घरभर फिरून एकेक बल्ब मालवते. मी काही बोलण्यापूर्वीच! खिडक्यांना तिने गोणपाटे लावली आहेत. दुपारच्या उन्हाचा एवढा विचार येथे कोणी मोठ्या माणसानेही केला नव्हता. खेळणी म्हणून तिने फक्त एक बॅटरी आणि एक शिट्टी आणली आहे. ह्या वयातील साधेपणा कौतुकास्पद आहे. फक्त बूट घालून निजते, ते मात्र आपल्याकडील दिसते.

देवघरातील सांजवात दोन दिवस विझली. वाऱ्याचा दोष असावा.

उत्तर टपालानेच द्यावे. फोनवर मी घरी नसतो.

दत्तात्रय पोतनीस


जोधपूर,
१९ मे २०२५

तीर्थस्वरूप बाबांस श्रुतीचा नमस्कार.

आपले पत्र मिळाले. अक्षर पूर्वीपेक्षा खूपच ठळक आले आहे. जे एका पानावर मावायचे, ते आता तीन पानांवर ऐसपैस बसते, आणि ओळी उजवीकडे जाता जाता उतरणीला लागतात. मी कारण विचारत नाही. रांगोळीचा अनुभव आहे.

आमच्या मुलीत आपल्याला एक तरी गुण सापडला, हे वाचून सुमीतने पत्र दोनदा वाचले. लग्नापासून आम्ही अशा पत्राची वाट पाहत होतो. म्हणूनच पुढचे लिहिताना मला वाईट वाटते.

बाबा, ती काटकसर नाही. ती कवायत आहे. इथे भोंगा वाजला की दिवे घालवायचे, खिडक्या झाकायच्या, बूट घालूनच आडवे व्हायचे, म्हणजे जिना उतरून पळताना काच लागणार नाही. कॉलनीत सगळ्या मुलांकडून हे करून घेतले होते. बॅटरी आणि शिट्टी ही तिची खेळणी नाहीत. ढिगाऱ्याखाली सापडलो तर वाजवायची, म्हणून शिट्टी. आता इथली मुले पुन्हा रात्री दिवे लावून क्रिकेट खेळतात, आणि आमची मुलगी, जिला आम्ही लांब सुरक्षित जागी पाठवले, ती तुमच्या खिडक्यांना गोणपाटे लावते आहे.

फोनवर ती रोज एकच सांगते : "मी ठीक आहे, आजोबा ठीक आहेत, रेशमबाईंची म्हैस ठीक आहे." म्हशीबद्दल मला काळजी नव्हती.

तिला घेऊन यायला मी उद्याच निघाले असते, पण आमच्या सर्व रजा रद्द आहेत. आणि खरे सांगायचे तर, ज्या घरात ती घाबरली, तिथे तिला तशीच परत आणून मी काय करू, हेही कळत नाही. ती तिथून बरी होऊन यावी, एवढेच मला हवे आहे. त्यासाठी तुमच्यावर अवलंबून राहावे लागते आहे, ह्याची आपल्याला किती मौज वाटेल, ते मी इथून पाहू शकते. माझी नजर चांगली आहे.

दोन प्रश्न. ती झोपते का? आणि देवघराला खिडकी नाही, दार आपण स्वतः लोटता, मग वारा कोठून येतो?

आपण कागदावर खोटे लिहीत नाही, म्हणून कागदावरच विचारते आहे.

आपली सून,
श्रुती


नारायणखेडी,
२४ मे २०२५

चि. सौ. श्रुती हिस आशीर्वाद.

आपल्या पत्राने माझ्या ज्ञानात भर पडली. माझे अक्षर ठळक आहे, कारण मी चांगली निब वापरतो. ओळी उतरतात, कारण टेबलाचा एक पाय आखूड आहे.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर देण्याआधी येथे घडलेला एक समारंभ कळवितो, कारण तो आपल्या कानी अन्य मार्गाने जाईल आणि त्यात तिखटमीठ असेल.

परवा सरपंचाच्या पुतण्याची वरात होती. संध्याकाळची वेळ, घोडीवर नवरदेव, पुढे गाडीवर ठेवलेला डीजे. घराघरातील भांडी फळीवरून सरकत होती. मी इशितेस घेऊन मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसलो होतो. आमच्या घरास पहिल्या रांगेचा मान आहे. एवढ्यात डीजेवाल्याने, त्याच्या मते संगीत म्हणून, भोंग्याचा आवाज लावला. तोच चढणारा आणि उतरणारा.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. ती मुलगी धावत मंडपाच्या मुख्य खटक्यापाशी गेली आणि तिने तो खाली ओढला. दिवे गेले, डीजे गेला, आणि त्या शांततेत तिची शिट्टी वाजली. मग ती ओरडली, "लेट जाओ! सब लेट जाओ! सिर ढँको!" नवरदेवाने आज्ञा मानली असे म्हणता येणार नाही, घोडी बुजली आणि तिने त्यास मानावयास लावले. वधूकडील एक काका विचारीत होते, "अरे किसकी छोरी है ये?" सरपंच मोठ्या अदबीने म्हणाला, "दादा साब की पोती है. सरहद से आई है."

सर्व उभे होते. हसत होते. काही मोबाइल बाहेर काढून चित्रे घेत होते. ती एकटी मधोमध उभी राहून हात हलवीत होती की खाली व्हा, खाली व्हा.

तेव्हा मी आडवा झालो. धुतलेल्या धोतरानिशी, धुळीत. आपल्या घरातील मुलगी चारचौघांत काही सांगते आणि घरातलाच कोणी ऐकत नाही, हे शोभत नाही. मी आडवा झालेला पाहून शेजारच्या रेशमबाई आडव्या झाल्या, त्यांच्यामागून दोनचार म्हातारे, आणि अखेर सरपंचही डोक्यावर हात ठेवून बसला. वरात काही वेळ निजून मग पुढे गेली. आमच्या खांद्यांना लागलेली धूळ झटकीत डीजेवाला म्हणाला, "दादा साब, गाना ही तो था." मी त्यास म्हणालो, "ते मला आज प्रथमच समजले."

आता आपले प्रश्न. ती झोपत नाही. डोळे मिटते, एवढेच. मी खाट तिच्या खाटेजवळ आणली आहे; कारण तिकडे हवा चांगली येते.

आणि वारा नव्हता. वरातीहून परतल्यावर मी देवापुढे सांजवात लावली, हात जोडले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा ती माझ्या बाजूस उभी होती आणि वात विझलेली होती. आमच्या घरात दिवेलागणीचा दिवा कोणी फुंकून विझविला, असे आजवर झाले नाही. माझ्या आईच्या तेराव्यासही तो चुकला नाही. मी तिला रागावलो नाही. विचारले, "का?" ती म्हणाली, "आजोबा, लावू नका ना." पुन्हा विचारले, तर बूट घालून खाटेखाली गेली.

बल्बची गोष्ट मी समजू शकतो. पण देवाच्या दिव्याचे तिने एवढे का घ्यावे, हे मला कळत नाही, आणि न कळलेली गोष्ट मला आवडत नाही. आपणांस ठाऊक असल्यास लिहावे. मी विचारतो आहे, ही गोष्ट आपण दिवाळीस जाहीर करू नये.

द. पो.


जोधपूर,
२९ मे २०२५

तीर्थस्वरूप बाबांस नमस्कार.

आपण धुळीत आडवे झालात, हे मी वॉर्डात वाचले, आणि मला उठून बाहेर जावे लागले. सुमीत म्हणतो, त्याच्या बाबांनी त्याच्यासाठी कधी खुर्चीही सोडली नव्हती. त्याचा हेवा मी इथे नोंदवते.

दिव्याचे मलाही माहीत नव्हते. मी खालच्या मजल्यावरच्या भाटी काकूंना खोदून विचारले, तेव्हा काल त्यांनी सांगितले.

अंधार करायची ती पहिली संध्याकाळ. मी रुग्णालयात, सुमीत कचेरीत अडकलेला. इशिता काकूंकडे होती. दिवेलागण झाली आणि ती हळूच किल्ली घेऊन वर आमच्या घरी गेली. कारण सांजवात लावायची राहिली होती. आपण प्रत्येक पत्रात तिला लिहीत आला आहात ना, की पोतनीसांच्या घरात सांजवात चुकत नाही? तिला ते पाठ आहे. भोंगा वाजून गेला होता, सगळी वसाहत काळी, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक वात.

खालून कोणीतरी ओरडले, "ऊपर बत्ती किसने जलाई? सबको मरवाओगे क्या?" आणि त्याच क्षणी मोठा धमाका झाला.

बाबा, तो कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर होता. आम्ही सगळे नंतर हसलो. पण ती वर एकटी होती आणि तिला ते कोणी सांगितले नाही. तिला वाटले, वरून तिचा दिवा दिसला. तिच्या दिव्यामुळे ते झाले. फुंकर घालायलाही वेळ नाही असे वाटून तिने वात तळहाताने दाबून विझवली. मला म्हणाली, कुकर लागला. तिच्या उजव्या तळहातावरचा तो डाग आपण पाहिलाच असेल.

काकूंना तिने शपथ घातली होती. आईला सांगू नका म्हणून नाही. "आजोबांना सांगू नका, मी वात हाताने विझवली ते. त्यांना राग येईल."

मी आपल्याला दोष देत नाही. तसा द्यायचा असता तर ह्यापेक्षा बरी संधी मिळाली नसती, हे आपणही मान्य कराल. ट्रान्सफॉर्मरचे मी तिला फोनवर सांगून पाहिले. "हो आई," म्हणाली. तिच्या त्या 'हो'चा काही उपयोग नाही. तो अगदी आपल्यासारखा आहे.

आठ जूनपासून रजा मिळते आहे. मी येते. तोपर्यंत तिच्यापुढे दिवा लावू नये, एवढी विनंती करण्याचे धाडस करते. ह्यावर आपण काय म्हणाल, ते मला माहीत आहे.

श्रुती


नारायणखेडी,
४ जून २०२५

चि. सौ. श्रुतीस आशीर्वाद.

मी काय म्हणेन, हे तुला माहीत नव्हते. तुझे पत्र ज्या दिवशी आले, त्या संध्याकाळी आमच्या देवघरात दिवा लागला नाही. त्यानंतर परवापर्यंत लागला नाही.

ह्याची बातमी उज्जैनला माधव नगरपर्यंत कशी गेली, ते देव जाणे, पण माझा चुलतभाऊ मधुकर आंब्यांची टोपली घेऊन चौकशीस हजर झाला. अंधारात बसून म्हणाला, "दत्तू, बिजलीचं बिल थकलं म्हणतोस, ते समजलं. तेलाचं पण बिल येतं का आता?" मी म्हणालो, "देवास सुटी दिली आहे. तुझ्या बँकेत मिळायची तशी." तो आंबे ठेवून गेला. आंबे आंबट निघाले.

तळहातावरचा डाग मी पाहिला नव्हता. ती रोज ह्या हाताने मला ताटात भाकरी वाढीत होती. तुझे पत्र वाचून मी तिचा हात हातात घेतला आणि बोटाने चाचपला, तेव्हा लागला. तिने विचारले, "आजोबा, राग आला?" मी म्हणालो, "आला. पण तो तुझ्यावर नाही." कोणावर, ते तिने विचारले नाही. मुलीला वळण आहे, हे मी पूर्वी लिहिलेच आहे.

चौथी शिकलेल्या माणसास समजावून सांगता येत नाही. त्यास दाखवावे लागते. म्हणून परवा मी तिला म्हणालो, "इशू, चल. तुझी सांजवात किती लांबून दिसते, ते बघू." तिने मला वात लावू दिली, पण माझे धोतर घट्ट धरून. दार उघडे ठेवून आम्ही फाटकाकडे निघालो. निंबापाशी उजेड बारीक झाला, आणि फाटकापाशी पोहोचलो तेव्हा ती म्हणाली, "आता नाही दिसत." मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "आजोबा, विमान फाटकातून येत नाही."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून आम्ही पाण्याच्या टाकीकडे गेलो.

टाकी गावात सर्वांत उंच आहे आणि तिला लोखंडी शिडी आहे. रेशमबाई दुधाची चरवी घेऊन आडव्या आल्या. "दादा साब, अणी उमर में टंकी पे चढ़ोगा कईं? हाडका बिखरेगा तो भेला कूण करेगा?" मी त्यांस म्हणालो, "माझी सून रुग्णालयात आहे. ती हाडे गोळा करील." हे तुझ्या परवानगीवाचून बोललो, क्षमा असावी.

मी चढलो. कसा चढलो, ते लिहीत नाही, कारण त्यात कोणाचा गौरव नाही. वर गेल्यावर कठडा धरून घराकडे तोंड केले. खालून इशूने विचारले, "दिसतो का?" मी निरखून पाहिले. मग म्हणालो, "दिसत नाही." तिने विचारले, "नक्की? देवाशपथ?" मी म्हणालो, "देवाशपथ. मला येथून तुझा दिवा दिसत नाही."

त्या वाक्यात एक अक्षर खोटे नाही. परंतु कागदावर अर्धे खरे लिहिणे मला जमत नाही, म्हणून उरलेले तुलाच लिहितो. मला तेथून दिवा दिसला नाही. घरही दिसले नाही. निंब दिसला नाही, गावही दिसले नाही. खाली उभी असलेली इशू मला आवाजावरून कळत होती. शिडीची उतरताना पहिली पायरी मी पायाने शोधली. ह्याचा अर्थ तू काढशील, तो काढ.

काल दिवेलागणीस तिने स्वतः काडी ओढली. दोन काड्या मोडल्या, तिसरी पेटली. मी पाहिले नाही असे दाखविले. ह्या कामी माझी नजर प्रथमच उपयोगी पडली. वात तेल संपेपर्यंत जळली. रात्री ती बूट काढून निजली, आणि झोपली. खिडकीची गोणपाटे मात्र अजून आहेत. ती राहू देत, ऊन फार आहे.

तू आठ तारखेस ये. येताना उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये जो डोळ्यांचा डॉक्टर तू दिवाळीस सुचविला होतास, त्याची वेळ घेऊन ये. ऑपरेशन काय म्हणशील ते कर. मात्र आप्तांमध्ये बोभाटा नको. आणि इशूस हे काही कळू नये. आपल्या आजोबांनी वरून स्वतः पाहिले, ह्यावर तिचा दिवा जळतो आहे.

रांगोळी रस्त्यातच होती, हे माझे मत कायम आहे.

इशू सोबत चिठ्ठी घालते म्हणते. मी वाचलेली नाही. तिचे अक्षर फार बारीक आहे.

तुझे बाबा,
दत्तात्रय


प्रिय आई,

आजोबांनी पाकीट चिकटवायच्या आधी पटकन लिहितेय. ते भिंग घेऊन माझ्या कागदाकडे बघतायत, पण त्यांना वाचता येत नाहीये.

मी काल बूट काढून झोपले. रेशमबाईंच्या म्हशीला पारडी झाली. तिचं नाव मी सायरन ठेवलं, कारण ती तशीच ओरडते. आजोबा म्हणाले, हे नाव शोभत नाही. मग आम्ही बारशाला सरपंचांना बोलावलं.

आई, तुला एक सांगते. पण तू आजोबांना सांगू नकोस, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.

आजोबा टंकीवर चढले होते ना, ते वर जाऊन तळ्याकडे तोंड करून उभे राहिले. आपलं घर दुसऱ्या बाजूला आहे. ते खूप वेळ तळ्याकडेच बघत होते आणि मग म्हणाले, दिवा दिसत नाही. मी रेशमबाईंकडे बघितलं तर त्यांनी तोंडावर पदर घेतला होता. उतरताना त्यांना पायरीच सापडत नव्हती. मी खालून सांगत होते, "आजोबा, डावा पाय, थोडा खाली, हां, अब दाहिना." ते म्हणाले, "मला दिसतंय."

म्हणजे वरून दिवा दिसतो की नाही, ते अजून कोणालाच माहीत नाही.

मला अजून थोडी भीती वाटते. पण मी आता रोज सांजवात लावणार आहे. नाही लावली तर ते परत चढतील.

तुझी,
इशू